गाव चारमधले लाल ठिपके

२१ जानेवारी २०२३, शनिवार

ही वही मी रोज लिहीत नाही. नोंदवण्याजोगे काही घडले तरच ती उघडते. आज घडले आहे.

गाव चारच्या मारुती मंदिरासमोरील ओट्यावर आम्ही हृदय-आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीचे निष्कर्ष गावापुढे मांडले. गावाचे नाव मी येथेही लिहिणार नाही. सर्वेक्षणातील प्रत्येक गाव केवळ क्रमांकाने ओळखायचे, हा नियम मीच केला आहे आणि माझी खासगी वही त्याला अपवाद नाही. तापीपलीकडे, जैनाबादच्या पुढे, केळीच्या बागांत दडलेले एक गाव, एवढे पुरे.

लोकांच्या घरात शिरायचे, त्यांचा रक्तदाब मोजायचा, त्यांचे वडील कशाने गेले ते विचारायचे आणि मग पुन्हा तोंड न दाखवता निघून जायचे, ही आपल्याकडील संशोधनाची जुनी असभ्यता आहे. ती मला मोडायची होती. म्हणून गावाचा नकाशा केला. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. ज्या घरातला कर्ता पुरुष पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला, त्या घराचा ठिपका लाल. नाव कुठेही नाही. फ्लेक्सवाल्याने आधी विटकरी रंग छापला होता. मी तो परत पाठवला. लाल म्हणजे लालच हवा.

माझे बोलणे संपल्यावर जी शांतता पसरली, तशी मी पुण्यातल्या किंवा एडिंबरातल्या कोणत्याही सभागृहात अनुभवलेली नाही. एक म्हातारा नकाशाजवळ जाऊन बोट फिरवू लागला. "ही पाण्याची टाकी, हे केळी पिकवायचं गोदाम, मंग त्याच्या मागचं हे..." आणि तेथेच थांबला. पहिल्या रांगेतली एक बाई पदर सावरून उठली आणि कोणाकडेही न बघता निघून गेली. सत्य पेलण्याची सवय नसली की असे होते. नकाशा आम्ही तेथेच, मारुतीसमोर, टांगून ठेवून आलो.

परतताना जीपमध्ये प्रतिभा एक शब्द बोलली नाही. ती आमची पर्यवेक्षिका. गावोगावच्या बायांची दारे तिनेच उघडून घेतली आहेत. विचारले तर म्हणाली, "डोकं दुखतंय, मॅडम." उन्हात डोक्यावर काही घेत जा, हे मी तिला अनेकदा सांगितले आहे.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. भाऊबीज

अडीच वर्षांहून अधिक काळ येथे काही लिहिले नाही. काम सुरळीत चालले होते, म्हणजेच नोंदवण्याजोगे काही नव्हते. आता दुसरी फेरी पूर्ण झाली आहे. त्याच नऊ गावांत, त्याच घरांत, तेच प्रश्न. दोन्ही फेऱ्यांचा विदासंच, म्हणजे सगळ्या नोंदी, जोडून झाला की वडिलांच्या अकाली मृत्यूचा मुलांच्या हृदयावर किती भार पडतो, याचे आपल्या भागातले पहिले नेमके उत्तर माझ्या हाती असेल. निबंध डिसेंबरअखेर पाठवायचा आहे. आठ वर्षांचे काम त्या एका निबंधात आहे.

आज दादाला ओवाळले. नंदकुमारदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. गणपतीनाक्याजवळ त्याचे ठिबकच्या नळ्यांचे दुकान आहे. त्याने ओवाळणी घालायला हात पुढे केला तेव्हा उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस पिवळसर जांभळा डाग दिसला. "पाइपचं बंडल आदळलं," म्हणाला. गालावर कापसाचा बोळा होता. दाढी करताना कापले आणि सकाळपासून रक्त थांबत नव्हते म्हणे. बोथट पाते वापरणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा काय करणार? नवरात्रात माल आणायला म्हणून चार दिवस इंदूरला जाऊन आल्यापासून तो सुस्तावला आहे. अर्धीच करंजी खाल्ली. मी त्याला वजनावरून बोलले, तर आई मध्ये पडली, "राहू दे गं, छाया. सणाच्या दिवशी मास्तरीण होऊ नकोस."

दादा हसला. "तुझ्या हिशोबात मी कुठल्या खान्यात बसतो, छायडे?"

मी सांगितले की सर्वेक्षणाच्या नमुन्याबाहेरच्या माणसाविषयी मी विधान करत नाही. तो पुन्हा हसला, पण मला वाटले, जरा उशिरा.

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

जे पाहिले त्यावर अजून विश्वास बसत नाही.

इतर आठ गावांत दोन्ही फेऱ्यांची उत्तरे अपेक्षेप्रमाणे जुळतात. माणसे वय चुकवतात, तंबाखू लपवतात. तेवढी सूट आम्ही धरलेलीच असते. पण वडील कशाने गेले, या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. मेलेला माणूस नव्याने मरत नाही.

गाव चारमध्ये तो मेला आहे. पहिल्या फेरीत "हृदयविकार" म्हणून नोंदवलेले जवळजवळ सगळे पुरुष दुसऱ्या फेरीत अपघाताने गेले आहेत. कोणी विहिरीत, कोणी विजेच्या तारेने, कोणी गाडी भरताना. एका संपूर्ण गावाचे पूर्वज दुसऱ्यांदा मेले आणि या वेळी एकाचेही हृदय दुखले नाही.

असे आपोआप होत नाही. कोणीतरी झाडाखाली बसून अर्ज भरले आहेत. आणि गाव चारच्या दुसऱ्या फेरीवर देखरेख होती प्रतिभाची. मी घडवलेल्या प्रतिभाची.

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

तिला कार्यालयात बोलावले. पडद्यावर दोन्ही फेऱ्या शेजारी ठेवून दाखवल्या. ती उभीच राहिली. बस म्हटले तरी बसली नाही.

"हे काय आहे, प्रतिभा?"

"त्यांनी सांगितलं ते आहे, मॅडम."

"सगळ्या गावाने एकच खोटे सांगितले?"

"तुम्हीच शिकवलं, मॅडम. आपलं डोकं लावायचं नाही, समोरचा सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं. मी डोकं नाही लावलं."

हा उद्धटपणा होता, पण माझ्याच वाक्यांचा बनवलेला. मी विचारले, पहिल्या फेरीतले उत्तर तिच्या मोबाइलवर दिसत असताना तिने पुन्हा का विचारले नाही? ती म्हणाली, "विचारलं एकदा. पुढच्या दारी मग बायांनी पाणीबी दिलं नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होते."

ती टेबलावरचा मोबाइल उचलून पिशवीत ठेवू लागली. मी सांगितले की मी स्वतः जाऊन पडताळणी करणार आहे. तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "तुम्ही नका जाऊ, मॅडम."

चोर पकडला गेला की तोही हेच म्हणतो.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

एकटीच गेले. हाताशी केवळ घरांचे क्रमांक. नावे मी कधीच पाहत नाही.

पहिल्या घरी ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. पहिल्या फेरीप्रमाणे तिचे यजमान वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले होते.

"आजी, तुमचे मालक कशाने गेले?"

"बैलानं मारलं व माय."

"कुठल्या बैलानं?"

"तो बी मेला."

शेजारची सून तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. म्हातारीने माझ्या ओंजळीत शेंगा दिल्या आणि म्हणाली, "लिव्ह तू बैल. लाल नको, काळा होता." सून मग धावत आत गेली.

गोदामामागच्या घरी चहा मिळाला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी वेफरसाठी कच्ची केळी सोलत बसली होती. बोटे काळी पडली होती, वर पाहत नव्हती. तिच्या आईला विचारले.

"आमचे मालक केळीची गाडी भरताना गेले."

"अपघात झाला?"

"गाडी भरताना गेले म्हणलं ना."

"पहिल्या वेळी तुम्ही वेगळे सांगितले होते."

"पहिल्या वेळी मी शहाणी नव्हती." ती कप उचलू लागली. मग मुलीकडे हनुवटी करून म्हणाली, "हिचं देडतलाईला जमलं होतं. साखरपुडा झाला होता, साड्याबी आल्या होत्या. मोडलं. ते लोक इथं मारुतीच्या दर्शनाला आले होते, मंग मोडलं. शारदा, मॅडमला अजून चहा दे."

मी चहा नको म्हटले आणि विषय पुन्हा आजाराकडे आणला. पण या लोकांना एका विषयावर टिकून राहता येत नाही. तिसऱ्या घरी विजेची तार होती, चौथ्या घरी विहीर. पाचव्या घराला कुलूप होते. आत भांडी वाजत होती.

एवढी एकवाक्यता उत्स्फूर्त असू शकत नाही. कोणीतरी त्यांना पढवले आहे. मी संस्थेच्या विश्वस्तांना लेखी कळवणार.

२७ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

प्रतिभाने स्वतःच राजीनामा दिला. काढून टाकण्याचे समाधानही मला दिले नाही.

जाताना दारात उभी राहून बोलली. शब्द आठवतात तसे लिहिते, कारण असे बेजबाबदार बोलणे जपून ठेवायला हवे.

"मॅडम, पहिल्या फेरीला बाया दार उघडत नव्हत्या. सोयरिकीचं घर हाय, आजार कोण सांगील? मी माझ्या लेकराची शपथ घेतली त्यांच्यापुढं. म्हणलं, तुमच्या उंबऱ्याच्या आतलं उंबऱ्याच्या बाहेर जाणार नाही. मंग त्यांनी सांगितलं. ते तुम्ही मारुतीसमोर टांगलं."

"टांगले? त्यात एक तरी नाव होते का?"

"गावात घराला नाव लागत नाही, मॅडम. टाकीजवळचं, गोदामामागचं, बस. लहान लेकरू बी सांगील."

"मग हे त्याच दिवशी का बोलली नाहीस?"

"जीपमध्ये बोलणार होती. तुम्ही रंगाचं सांगत होत्या. लाल कसा बरोबर आला ते."

यात एकही मुद्दा नाही. सार्वजनिक निष्कर्ष कसे मांडावेत, याच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत माझा नकाशा चपखल बसतो. आणि समजा, तिला आक्षेप होता, तर तो नोंदवण्याचे मार्ग होते. त्याऐवजी तिने माझ्या पगारावर राहून, माझ्याशी रोज गोड बोलून, एका संपूर्ण गावाला माझ्याशी खोटे बोलू दिले. शत्रूने केले असते तर मी त्याला हुशारी म्हटले असते. तिने केले, म्हणून त्याला विश्वासघात हाच शब्द आहे.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने घट मांडला आहे. प्रसादाला जाण्याची इच्छा नाही.

७ डिसेंबर २०२५, रविवार

घरीही तेच.

दादाच्या लेकीला, पूर्णिमेला, स्थळ आले आहे. मुलगा नीलेश इंदूरला बँकेत आहे. घरची केळी, तापीपलीकडचे गाव. खरमास, म्हणजे लग्नकार्याला वर्ज्य महिना, लागण्याआधी सुपारी फोडून घ्यायची म्हणून घाई. आई माहिती देत गेली आणि मी ऐकत गेले: वडील नाहीत, आई रंभाबाई, थोरली बहीण शारदा अजून घरीच आहे, घर गोदामामागे. वडील कशाने गेले, हे विचारण्याआधीच आई म्हणाली, "केळीची गाडी भरताना गेले बिचारे."

सर्वेक्षणातून जे मला ठाऊक झाले, ते माझ्या तोंडून बाहेर पडू शकत नाही. हा नियम मी केला आहे आणि मी तो पाळते. पण मी विचारले, "आणि आपण त्यांना आपल्या अण्णांविषयी काय सांगितले?"

आईने सुपारी कातरणे थांबवले नाही. "मिलमध्ये मशीनवर गेले, असं."

माझे वडील, बाबुराव, कागद कारखान्यात वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पाळीवर असताना, चालू मशीनसमोर उभे राहून हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ऐकणाऱ्याला वाटते, पट्ट्यात हात अडकला असेल. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि वाक्य खोटे आहे. असे वाक्य बनवायला कौशल्य लागते. माझ्या सातवी शिकलेल्या आईकडे ते निघाले.

"आई, मी ज्या मृत्यूवर आयुष्य घातले, तो तू पुसून टाकलास?"

"तू आयुष्य घातलंस, बाई. मी काढलंय." ती एवढेच म्हणाली.

नंतर दादा गच्चीच्या जिन्याशी आला. वर चढला नाही, खालूनच बोलला. माझे इंदूरच्या परिषदेतले भाषण मोबाइलवर दिसते, ते काढून टाकता येईल का? त्याची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने होते. मी साफ नाही म्हटले. ज्या वाक्याने मी माझ्या विषयाची ओळख करून देते, ते एका सोयरिकीसाठी खोडायचे? तो म्हणाला, "बरं." इतक्या लवकर माघार घेणारा दादा मी पाहिलेला नाही. खालच्या पायरीवर बसून राहिला.

११ डिसेंबर २०२५, गुरुवार

आज असीरगडला जायचे ठरत होते. रविवारी पाहुणे यायच्या आधी पूर्णिमेला महादेवाला नेऊन आणावे, असे आईच्या मनात होते. मी म्हटले, दादालाही चालवू, वजन उतरेल. पूर्णिमा माझ्याकडे बघतच राहिली.

"आत्या, गडावर? पप्पांना? स्टेंट टाकून तीन महिने पण झाले नाही यार."

मी विचारले, काय टाकून?

"स्टेंट. इंदूरला. नवरात्रीत." तिचा चेहरा उतरला. "तुला... नाही माहीत? आजी बोलली होती, आत्याला मी सांगेन. मला लगा, तू तो हार्टवाली आहेस, तुला सबसे पहिले सांगितलं असणार."

मनगटावरचा डाग. न थांबणारे रक्त. अर्धी करंजी. खालची पायरी. सगळे मी या वहीत लिहिले आहे, स्वच्छ अक्षरांत, तारखांसह. नऊ गावांतल्या हजारो हृदयांचा हिशेब माझ्याकडे आहे आणि सख्ख्या भावाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली गेली, तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे बसून स्तंभांना नावे देत होते.

दुकानात गेले. गिऱ्हाईक होते, थांबले. मग विचारले. दादाने शटर अर्धे ओढले.

"कोणाला सांगायचं नव्हतं, छायडे. पोरीचं जमेपर्यंत."

"मी 'कोणी' आहे?"

"तू..." तो नळीचे टोक बोटांनी दाबत राहिला. "तू खोटं बोलत नाहीस, हेच तर आहे ना. कोणी विचारलं असतं, तर तू सांगून मोकळी झाली असतीस. वर टक्केवारी सांगितली असतीस."

"इंदूरला ऑपरेशनच्या टेबलावर माझी आठवण आली नाही?"

"आली ना. तीच भीती होती." मग तो हसला, तेच उशिराचे हसू. "म्हटलं, वाचलो तर छायडी मला लाल ठिपका करील."

घरी येऊन दार लावले. प्रतिभा नोकरीची माणूस होती. हा माझ्या ताटात जेवलेला भाऊ आहे. आणि आईने ते लपवायला मदत केली, गुरुवारचा प्रसाद माझ्या हातावर ठेवत. मला माझ्याच माणसांनी नमुन्याबाहेर काढले.

रागातच भाषण लोकांना दिसणार नाही असे करून टाकले. पुसलेले नाही, फक्त झाकले आहे. हे दादासाठी केले, असे त्याला वाटू नये म्हणून त्याला कळवलेले नाही.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

पाहुणे आले. नीलेश, त्याचे काका भाईदास आणि रंभाबाई. मी रंभाबाईंना ओळखले. त्यांनीही मला ओळखले, पण दोघींनी नमस्कार पहिल्यांदाच भेटल्यासारखा केला. आता, त्यांना उठताना बसताना पाहून, आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मारुतीसमोरच्या पहिल्या रांगेतून उठून गेलेली बाई हीच.

पोहे झाले. भाईदासकाका मोकळे माणूस, पूर्णिमेला म्हणाले, "पोरी, केळीची भाजी येते का? नाही येत त चालेल, आमच्या नीलेशला खाताबी येत नाही." सगळे हसले. दादा भिंतीला टेकून बसला होता. उठून पाणी द्यायला निघाला, तर आईने त्याला डोळ्यांनीच खाली बसवले.

मग रंभाबाई माझ्याकडे वळल्या. आवाज गोड होता.

"मॅडम, बाकी सगळं पाहिलं, मनाला आलं. एकच विचारायचं. तुम्ही हृदयाच्या. शिकेल-सवरेल. तुम्ही खोटं बोलत नाही, हे आमच्या गावाला माहीत हाय. तुमच्या घरात कोणाला काही हाये का तसलं? वडलांना, भावाला?"

खोलीत नकाशासमोरची तीच शांतता पसरली. मी ती ओळखली. या वेळी ती माझ्यासाठी होती.

आई देवघराकडे पाहत होती. पूर्णिमेने ट्रे खाली ठेवला. दादाने माझ्याकडे पाहिलेच नाही. डाव्या हाताने उजवे मनगट झाकून बसला होता. डाग केव्हाच गेला आहे, तरी.

उत्तर मला पाठ होते. गेली पंधरा वर्षे मी प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात त्याच उत्तराने करते.

मी म्हटले, "आमचे अण्णा मिलमध्ये मशीनवर गेले. दादा बरा आहे."

रंभाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्या नजरेत विजय नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. शेतातल्या बाईने नवी मजुरीण पहिल्यांदा खुरपे धरताना पाहावे, तसे काहीसे होते.

"बस," त्या म्हणाल्या. "आमचे मालक केळीची गाडी भरताना गेले. बाकी आमच्याकडंबी कोणाला काही नाही." आणि पेढ्याचा तुकडा मोडून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. भाईदासकाकांनी सुपारी फोडली. आई रडू लागली. दादा रडला नाही, पण त्याने भिंतीला मान टेकली आणि डोळे मिटले.

निघताना रंभाबाई चपला घालता घालता थांबल्या. बाकीचे पुढे गेले होते.

"भाषण चांगलं होतं तुमचं, मॅडम. नीलेशनं दिवाळीलाच दाखवलं होतं."

मी त्यांची दुसरी चप्पल पुढे सरकवली.

"मॅडम, ते तुमच्या नकाशावरचे ठिपके पुसता येतात का हो? माझ्या शारदाचं अजून व्हायचं हाय."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कदाचित ते त्यांना अपेक्षितही नव्हते.

१६ डिसेंबर २०२५, मंगळवार

खरमास लागला. दादाला मी अजून क्षमा केलेली नाही. त्याच्या गोळ्यांच्या वेळा मात्र मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या स्वयंपाकघरात लावल्या, कारण तेथे कोणालाही वेळेचे भान नाही. प्रतिभाला फोन केला. तिने उचलला नाही. तिच्या जागी मीही उचलला नसता.

विदासंच उघडून बसले. गाव चारच्या दुसऱ्या फेरीवर "अविश्वसनीय" असा शेरा मारून ते गाव वगळले की निबंध वेळेत जाईल. बोट कळेवर ठेवले होते. परवा दुपारी आमच्या घरात कोणी हाच अर्ज भरला असता, तर उत्तर देणारी बाई, शिक्षण पीएच.डी., वडील: कामावर असताना, भाऊ: निरोगी. तीही नोंद मला वगळावी लागली असती. शेरा मारला नाही. निबंध पाठवला नाही.

रंभाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर दारात सुचले नव्हते, आता लिहिते. ठिपके उत्तरांवरून आपोआप उमटतात. हाताने पुसता येत नाहीत. पुसायचे असतील तर उत्तर बदलावे लागते.

ते गाव चारने केले होते. रविवारी मीही केले.